स्टीम मार्केट: स्किन घ्यायला झकास, पैसे काढायला शून्य

काउंटर स्ट्राइक २ या शूटिंग गेमचे स्किन्स (गेममधल्या हत्यारांचे वेगवेगळे रंग-डिझाइन) मी बरेच दिवस स्टीमच्या, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या, मार्केटवरच घेतो-विकतो, त्यामुळे जे वाटतं ते सरळ सांगतो. घेणाऱ्यासाठी याच्याइतकं बिनघोर दुसरं काही नाही. पैसे दिले की स्किन इन्व्हेंटरीत (तुमच्या अकाउंटच्या सामानात), समोरचा कोण आहे बघायची गरजच नाही. बाय ऑर्डर, म्हणजे 'इतक्या भावाला घेईन' अशी मागणी, लावून ठेवायची, भाव खाली आला की आपोआप मिळतं. फक्त समोर दिसणारा स्किन घ्यायच्या आधी इन्स्पेक्ट करून बघाच, कारण फील्ड टेस्टेड (झिजेची एक पायरी) म्हणजे फ्लोट (झीज दाखवणारा आकडा) ०.१५ पासून ०.३८ पर्यंत काहीही, नाव तेच आणि एक जवळपास नवीन दिसतो तर दुसरा पार खरवडलेला. घेतल्यावर ७ दिवस ट्रेड (दुसऱ्या खेळाडूशी देवाणघेवाण) पण नाही आणि परत विकता पण येत नाही, ते धरून चाला.

आता विकणाऱ्याचं. ५ टक्के स्टीमचे, १० टक्के गेमचे, आणि हे वरून लागतात, म्हणजे तुम्हाला १० डॉलर हवे तर लिस्टिंग ११.५० ला दिसणार. कट जास्तच आहे, पण खरी गोची पुढे आहे, ते १० डॉलर स्टीम वॉलेटमध्येच राहतात! बँकेत काढायची सोयच नाही. गेम घ्या, अजून स्किन घ्या, बस. २०१२ च्या शेवटी मार्केट सुरू झालं तेव्हापासून हे असंच आहे, त्यामुळे 'मी स्किन्समधून कमावतो' म्हणणारा माणूस हमखास बाहेरच्या साइटवर विकत असतो.

त्या साइट्सवर भाव कमी असतो तो याचमुळे, तिथे खरे पैसे हातात येतात ना. पण तिथे खोटं लॉगिन पेज, मग एपीआय की (प्रोग्रामला तुमचं अकाउंट वापरू देणारा कोड) चोरून तुमची ट्रेड ऑफर रद्द करायची आणि त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या बॉटकडून (आपोआप चालणाऱ्या अकाउंटकडून) दुसरी पाठवायची, हा प्रकार जुना आहे तरी लोक अजून फसतात. जुलै २०२५ पासून ट्रेड ७ दिवसांत उलटवता येतो हे चांगलं झालं, पण उलटवला की अकाउंटवर ३० दिवस ट्रेड आणि मार्केट बंद. शिवाय विकणारासुद्धा पैसे घेऊन ट्रेड उलटवू शकतो म्हणून बऱ्याच साइट्स आता विकणाऱ्याचे पैसे आठवडाभर अडकवून ठेवतात.

आणि चाकू (गेममधल्या सगळ्यात दुर्मिळ, महागड्या वस्तूंपैकी) घेऊन 'इन्व्हेस्टमेंट' करणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ आठवा, एका अपडेटने पाच लाल (वरच्या दर्जाचे, दुर्मिळ) स्किन्स देऊन चाकू मिळायला लागला आणि चाकूंचे भाव धाडकन खाली, लालवाल्यांची मात्र चांदी. स्टीम आणि गेम दोन्ही चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने कुणाला विचारलं नव्हतं, आणि का विचारेल, वस्तू त्यांचीच आहे.

खेळायला स्किन हवा असेल तर ५ पैकी ४. पैसे कमवायचे असतील तर १, तो पण बाय ऑर्डरसाठी.