नवा उमेदवार पारखताना निवडणूक आयोगाची शपथपत्र सेवा कितपत उपयोगी पडते?

विद्यमान आमदाराविषयी मतदारसंघात प्रत्येकाचे काही ना काही मत असतेच; त्याच्यासमोर प्रथमच उभा राहणारा उमेदवार मात्र बहुतेकांना फलकावरच्या छायाचित्रापुरताच ठाऊक असतो. ही उणीव काही अंशी भरून काढणारी आणि पूर्णपणे मोफत असलेली सेवा म्हणजे निवडणूक आयोगाने ऑनलाइन खुली केलेली उमेदवारांची शपथपत्रे. त्यासाठी आयोगाचे संकेतस्थळ आहे आणि 2022 मध्ये 'नो युवर कँडिडेट' हे मोबाइल अ‍ॅपही आले. राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी उघडते आणि नावावरून थेट शपथपत्रापर्यंत जाता येते.

हे शपथपत्र म्हणजे नमुना 26. प्रलंबित गुन्हे, रोख रक्कम, ठेवी, दागिन्यांचे वजन व किंमत, जमीन, कर्जे, शिक्षण आणि पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न हे सारे त्यात येते. नव्या उमेदवाराच्या बाबतीत माझ्या मते दोन रकाने विशेष बारकाईने वाचावेत: उत्पन्नाचा स्रोत आणि शासनाशी केलेली कंत्राटे. 'व्यवसाय: समाजसेवा' एवढ्यावर समाधान न मानता घर कशावर चालते, हे तिथे पाहता येते. शासकीय निवासस्थानाच्या थकबाकीचा रकाना नवख्याच्या बाबतीत बहुधा 'लागू नाही' असाच असतो, तर आमदाराच्या बाबतीत तो अर्थपूर्ण ठरतो. रकाने कोरे सोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले असल्याने 'निरंक' हा शब्दही शपथेवर लिहिलेला असतो, आणि तो खोटा ठरल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची किंवा दंडाची तरतूद आहे.

या सेवेचे मोल 2024 च्या संगमनेरच्या लढतीत पुरेपूर जाणवते. 1985 पासून सलग आठ वेळा निवडून आलेल्या बाळासाहेब थोरात यांच्यासमोर अमोल खताळ उभे होते आणि दहा हजारांहून अधिक मतांनी ते विजयी झाले. इतक्या दीर्घ कारकिर्दीच्या नेत्याची अनेक निवडणुकांतील शपथपत्रे एकमेकांशेजारी ठेवून मालमत्तेतील वाढ तपासता येते; नव्या उमेदवाराचा मात्र एकच कागद हाती येतो, आणि एका कागदावरून वाढ कळत नाही. अशी तुलना करायची असेल तर मी 'मायनेता' हे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेचे संकेतस्थळ सुचवीन, कारण तिथे शपथपत्रांतील आकडे तक्त्यात मांडलेले असतात, तर आयोगाकडील प्रती मुख्यतः स्कॅन केलेल्या असल्याने पानामागून पान वाचण्यावाचून गत्यंतर नसते. तरीही शंका आली की मूळ प्रत उघडावीच. प्रत्येक पानावरची सही आणि नोटरीचा शिक्का तिथेच दिसतो.

सर्वांत मोठी त्रुटी वेगळीच आहे. विधानसभेला प्रथमच उभी राहणारी व्यक्ती राजकारणात अनेकदा नवी नसते. ती आधी नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य राहिलेली असते. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, ही स्वतंत्र यंत्रणा आहे आणि त्या वेळची घोषणापत्रेही तिच्याकडेच असतात. त्यामुळे ज्याच्याविषयी माहितीची खरी निकड असते, त्याचाच पूर्वेतिहास या सेवेत सापडत नाही. 2024 मध्ये अर्ज मागे घेण्याची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झाले; तेवढ्या अवधीत दोन यंत्रणांची दारे ठोठावणे सामान्य मतदाराला झेपणारे नाही. दोन्ही आयोगांनी उमेदवाराच्या नावासमोर त्याची जुनी घोषणापत्रे जोडून द्यावीत, ही माझी आग्रहाची मागणी आहे. तोवर आयोगाचे संकेतस्थळ आणि 'मायनेता' दोन्ही वापरावेत, आणि उमेदवार प्रचाराला दारी आला की शपथपत्रातील उत्पन्नाच्या रकान्याविषयी त्याला थेट विचारावे.