गॅलिलिओच्या नोंदींपर्यंत नेणारी टेबल-दुर्बीण

गोव्यात पेडण्याच्या एका शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. ११४ मिलिमीटर आरशाची ही परावर्तक दुर्बीण मुलांसाठी घेतली, वीस हजारांच्या आत. नाभीय अंतर ४५० मिलिमीटर आणि सोबत २५ व १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं), म्हणजे ४५० ला २५ नं आणि १० नं भागून १८ पट आणि ४५ पट. याच पैशांत दुकानदार ‘५०० पट’ लिहिलेल्या बारीक नळीच्या दुर्बिणी पुढे करतात. त्या घेऊ नका. पट वाढवायला नेत्रिका बदलली की झालं, पण प्रकाश किती गोळा होणार हे आरशाचा व्यासच ठरवतो.

मला ही आवडली ती त्या १८ पटींमुळेच. जानेवारी १६१० मध्ये इटलीतल्या पादुआत गॅलिलिओच्या हातात होती ती दुर्बीण साधारण २० पटींची. ७ तारखेला त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या दिवशी तिन्ही पश्चिमेला होते. १० तारखेला दोनच उरले, तिसरा गुरूमागे लपला असावा असं त्यानं मानलं, आणि १३ तारखेला चौथा सापडला. हे ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र. मी मुलांना यातलं काहीच सांगितलं नाही. कोऱ्या वह्या दिल्या आणि रोज चित्र काढायला लावलं. एक मुलगी आपलं कालचं चित्र पुढे धरून म्हणाली, ‘‘टीचर, हा ठिपका आज गुरूच्या मागं गेला असणार.’’ पृथ्वी सोडून दुसऱ्याच कशाभोवती तरी काही फिरतं, हे तिला पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. यासाठी मी या दुर्बिणीला पूर्ण गुण देते. फक्त या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तेव्हा पूर्व कुठली ते वहीत आधी लिहून ठेवा.

शुक्राची कोर ४५ पटींत स्वच्छ दिसते. शनीबद्दल मात्र ‘कडं दिसत नाही, माल खराब’ अशा तक्रारी वाचल्या. २०२५ मध्ये ते कडं आपल्याला जवळजवळ धारेवर आलं होतं, तसं ते दर पंधराएक वर्षांनी येतंच. गॅलिलिओलाही १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले होते आणि १६१२ च्या अखेरीस ते नाहीसे झाले. तो चक्रावून गेला. शनीभोवती कुठेही न टेकलेलं पातळ, सपाट कडं आहे हे १६५९ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सनं छापलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणून थोडा धीर धरा, कडं पुन्हा उघडतंय.

उणिवाही आहेत. दुर्बीण नेमकी रोखायला मदत करणारा लाल ठिपक्याचा फाइंडर सैल बसतो. डळमळत्या टेबलावर गुरू सारखा निसटतो, आमच्या घरी सोप्यावर, म्हणजे ओसरीतल्या बांधीव बैठकीवर ठेवली की स्थिर राहते. आणि गोव्याची दमट हवा! जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवली नाही, तर नेत्रिकांवर बुरशी धरते.

पण गोव्यातल्या माणसानं ही घ्यावी याचं खास कारण दक्षिणेच्या आकाशात आहे. १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीत जाँ रिशो हा जेझुइट पाद्री एक धूमकेतू पाहत होता. पाहता पाहता त्याला नरतुरंग तारकासमूहातला मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा एक नसून दोन आहे असं दिसलं. भारताच्या भूमीवरून दुर्बिणीनं लागलेल्या अगदी सुरुवातीच्या शोधांपैकी हा एक, आणि आपल्या किती मुलांना तो ठाऊक आहे? युरोपातून तर मित्र दिसतच नाही. आमच्या सड्यावरून (उघड्या कातळी पठारावरून) तो मेमधल्या रात्री क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. दक्षिणेला माड किंवा गावाचे दिवे आड येणार नाहीत अशी जागा हवी. १८ पटींत एकच तारा दिसतो. ४५ पटींत हवा शांत असली तर त्याचे दोन होतात, एक जास्त तेजस्वी आणि दुसरा जरा मंद. हे दोघे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी घालतात. मुलांच्या डोळ्यांना तेवढं पुरतं, मला मात्र ९० पट लागले. तेव्हा दुर्बिणीवर पुढचा खर्च करायचाच असेल तर आधी नेत्रिकेचे पट दुप्पट करणारं बार्लो भिंग घ्या, आणि तेही पाऊस सुरू व्हायच्या आधी.