छातीतली नळी आणि पलंगाखालची बाटली: पाच महिन्यांनंतर

वॉर्डात माझं नाव 'बाटलीवाले काका' पडलं होतं. न्यूमोनियानंतर उजव्या फुफ्फुसाभोवती पू साचला, म्हणून ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस बरगड्यांमध्ये नळी होती. वॉर्डात तिला आयसीडी म्हणतात.

काखेखाली बधिर करून नळी घालतात. कापलेलं कळलं नाही, पण नळी आत सरकताना असा काही दाब येतो की डोळे पांढरे होतात. 'काही कळणार नाही हो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाच-दहा मिनिटांचा मामला असतो, एवढं खरं.

नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत जातं. बाटलीच्या तळाशी पाणी असतं आणि ते टोक त्यात बुडालेलं, म्हणजे बाहेरची हवा उलटी छातीत शिरत नाही. पहिल्या रात्री माझ्या श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होताना दिसलं आणि मी घाबरून सिस्टरना हाक मारली. "हलतंय म्हणजे चालू आहे, काका. हलायचं थांबलं तर सांगा." तिसऱ्या दिवशी खरंच थांबलं. बघतो तर नळी माझ्याच कुशीखाली दुमडलेली!

बाटली कायम छातीच्या खालीच हवी. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयने ती उचलून सरळ माझ्या पोटावर ठेवली. बायको ओरडली, "अहो, आतलं सगळं परत जाईल की!" तिला हे आदल्या दिवशी सिस्टरनीच सांगितलं होतं. तुमच्याही माणसाला सांगून ठेवा.

श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं तीन चेंडूंचं यंत्र मी दोन दिवस फुंकत बसलो होतो. त्यातून श्वास आत ओढायचा असतो. दुखतं म्हणून श्वास चोरू नका, दुखण्याची गोळी मागा, ती लागू पडली की मग व्यायाम करा. खोकताना उशी नळीच्या बाजूला छातीशी धरा.

नळी काढताना श्वास रोखायला लावतात. सर्रकन ओढली, टाका आवळला, पुन्हा एक्स-रे. मला घालण्यापेक्षा हे सोपं गेलं. घरी आल्यावर ताप, दम किंवा जखमेतून पाणी आलं तर थांबू नका, दाखवा.

आता व्रण रुपयाएवढा आहे, त्याच्या खाली थोडं बधिर. खरा त्रास खांद्याचा, आणि तो माझाच गाढवपणा: नळी निसटेल या भीतीने अकरा दिवस हातच हलवला नाही. कळव्याहून लोकल पकडली की वरची कडी अजून डाव्या हातानेच धरतो.