जपानी चिलखत, आठ महिने वापरून

ऑक्टोबरमध्ये घेतलं, आता जून चालूय, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. मी जपानमध्ये राहतो, मिरवणुकीत घालायला घेतलंय, अस्सल जुनं नाही, नवीन बनवलेलं आहे. प्रकार तोसेइ गुसोकु, १५४३ साली तानेगाशिमा बेटावर बंदुका आल्या त्या काळात जो रुळला तो, छातीला मोठ्या लोखंडी पट्ट्या रिव्हेट मारून जोडलेल्या. सगळं मिळून १४ किलो.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासात खांदे कामातून गेले, वाटलं पैसे पाण्यात. मग आमच्यातल्या एका आजोबांनी उवाओबी म्हणजे कमरेचा पट्टा सोडला, छातीचा भाग वर उचलून धरायला लावला आणि असा करकचून बांधला की सगळा भार कमरेवर. ३ मेला ओदावाराच्या होजो गोदाइ मिरवणुकीत दुपारभर चाललो, खांद्यांना काही नाही!

पण खरी करामत दोऱ्यांची. मांड्यांवरच्या कुसाझुरीच्या पट्ट्या एकीखाली एक नुसत्या दोऱ्यांवर लटकतात, म्हणून तर मांडी हलते, बसता येतं. माझी ओवणी सुगाके, दोन-दोन दोऱ्या आणि मध्ये अंतर. केबिकी ओवणी इतकी दाट की खालचं लोखंड झाकून जातं, दिसायला एक नंबर पण भिजली की जड होते, चिखल धरून बसते. माझ्या विरळ दोऱ्याच मार्चच्या पावसानंतर तीन दिवस सावलीत टांगल्या तेव्हा कुठे वाळल्या.

रंग उरुशीचा, म्हणजे झाडाच्या चिकाच्या पारंपरिक जपानी रोगणाचा नाही, कॅश्यूचा, म्हणजे काजूच्या टरफलातल्या तेलाचा, हे कळलं तेव्हा मला कोकणातलं घर आठवलं, काजू फोडताना तेल लागून हात उततात ना आमच्याकडे, उरुशीचा ओला चीक पण तसाच अंगावर उठतो, कारण काजू काय, उरुशी काय, दोन्ही आपल्या बिब्ब्याच्या कुळातली. उरुशी दमट हवेत घट्ट होते, उन्हात सुकवून नाही, त्यामुळे वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. कॅश्यूची चमक अजून छान आहे, फक्त एका कडेला टवका उडाला तिथे गंज धरलाय.

तक्रार एकच पण मोठी. उजव्या कुसाझुरीची दोरी भोकापाशी पिंजली. बोट फिरवून बघितलं तर भोकाची कड टोचते, दुकानदाराने घासलीच नव्हती. बाकी लोखंडाला काही झालेलं नाही, पण एवढ्याशा कडेपायी अख्खी पट्टी गळून पडली असती. घेताना प्रत्येक भोकात बोट घालून बघा. मी दोरी मागवलीय, आधी कानशीने कड मारणार, रंगाचा हात देणार, मगच ओवणार.