महा करिअर पोर्टल रिव्ह्यू: माहिती मस्त आहे, आता ती धडगावपासून रावेरपर्यंत पोचवा

5 पैकी 4 स्टार देतेय, आणि उरलेला एक का कापला ते खाली लिहिलंय, ते शिक्षण खात्यातल्या कोणी वाचलं तर फार बरं होईल.

जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दहावी-बारावीची पोरं अभ्यासाला येतात, त्यांना मी हे करिअरची माहिती देणारं सरकारी पोर्टल लॅपटॉपवर उघडून दाखवते. इतकी कामाची गोष्ट आणि फुकट, पण इकडे कोणाला विचारा, नावच ऐकलेलं नसतं. पोलीस भरतीची जाहिरात आली की तासाभरात सगळ्या ग्रुपवर फिरते, हे मात्र 2020 पासून आहे तरी गावात पोचलेलं नाही. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने युनिसेफला सोबत घेऊन सुरू केलं, नववी ते बारावीच्या पोरांसाठी. मराठीत वाचता येतं. आत 500 च्या वर करिअरची माहिती आहे, कोणतं काम काय असतं, त्याला दहावीनंतर काय घ्यायचं, कोणती प्रवेश परीक्षा, कॉलेजं कुठे कुठे, स्कॉलरशिप कोणत्या, सगळं एका ठिकाणी. क्लासची जाहिरात नाही, ॲडमिशनसाठी कोणी मागे लागत नाही, फोन नंबर टाकला म्हणून दिवसभर कॉल येत नाहीत. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण एकदा कुठल्यातरी प्रायव्हेट साईटवर नंबर गेला की पोरीच्या बापाला कुठल्या कुठल्या कॉलेजचे फोन येतात आणि तो बिचारा शेतात पाणी भरता भरता "हो सर, हो सर" करत बसतो.

आता खरा उपयोग कसा होतो ते सांगते. आमच्याकडे निकाल लागला की घराघरात एकच वाक्य, "पोरले कोठे टाकानं आते?" आणि टाकायच्या जागा ठरलेल्या. 80 च्या वर टक्के असले की सायन्स आणि नीट, मग जळगाव नाहीतर डायरेक्ट लातूर. 60 च्या आसपास असले की कॉमर्स नाहीतर आर्ट्स. कमी असले की मुलगा असेल तर भरतीसाठी पळायला लागतो आणि मुलगी असेल तर स्थळं बघायला सुरुवात. यात पोराला काय जमतं, काय आवडतं हा विषयच निघत नाही, आणि आईबापाचा यात दोष नाही बरं का, त्यांना तीन-चार रस्तेच माहिती आहेत तर ते पाचवा कुठून सांगणार.

एका पोरीला नर्स व्हायचं होतं, पण अकरावीला आर्ट्स घेतलेलं म्हणून घरी सगळ्यांनी सांगितलं की ते आता विसर, नर्सिंगला सायन्स लागतं. आम्ही बसून वाचलं. बीएस्सी नर्सिंगला बायोलॉजीसकट सायन्स लागतं, त्याची सीईटी पण असते, हे बरोबर. पण नर्सिंगचेच दुसरे दोन कोर्स आहेत, एएनएम 2 वर्षांचं असतं आणि ते बारावी आर्ट्सवर होतं, जीएनएम 3 वर्षांचं, त्याला पण कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्लिश विषय आणि किमान 40 टक्के पाहिजेत. ती पोर तो स्क्रीन मोबाईलवर फोटो काढून घरी घेऊन गेली, कारण नुसतं तोंडी सांगितलं असतं तर आजोबांनी ऐकलं नसतं, सरकारच्या साईटवर लिहिलंय म्हटल्यावर आजोबा गप बसले.

आयटीआयचं पण तसंच. दहावी नापास म्हणजे संपलं असं गावात पक्कं डोक्यात बसलंय. अरे वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडला आठवी पास चालतं! आणि इलेक्ट्रिशियन, फिटर हे 2 वर्षांचे ट्रेड दहावी पासवर करून पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयला गेलेला पोरगा इंजिनिअर होऊ शकतो, रस्ता लांबचा आहे पण बंद नाही. हे ऐकून एक जिभाऊ मला म्हणाले, ताई हे पोरगा दहावीला बसायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर. त्यांचा पोरगा आता ट्रॅक्टरवर जातो, काम वाईट नाही, पण त्याला मशीनचं वेड आहे आणि त्याला कोणी विचारलंच नाही.

या पोर्टलच्या जागी जे दुसरं मिळतं ना त्याचा मला जास्त राग येतो. तालुक्याच्या ठिकाणी एक प्रायव्हेट सेंटर आलं होतं, दहा बोटांचे ठसे घेऊन पोरगा डॉक्टर होणार की कलेक्टर ते सांगत होतं, रंगीत फाईल द्यायचे आणि कापसाच्या पट्टीतले पैसे घ्यायचे. ओळखीच्या दोन घरांनी दिले. बोटाच्या रेषांवरून बुद्धी कळते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, प्लीज कोणी देऊ नका. खरी कल बघायची चाचणी वेगळी असते, बोर्डाने 2016 पासून दहावीच्या पोरांची कलचाचणी घ्यायला सुरुवात केली होती, फुकट, शाळेतच, नंतर ती बंद झाली. तिच्यात कमी-जास्त असेल पण निदान प्रत्येक पोराच्या हातात एक कागद यायचा आणि घरात त्यावर बोलणं व्हायचं. ती बंद झाल्यावर जी जागा रिकामी झाली तिथेच हे ठसेवाले घुसलेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक स्टार का कापला. लॉगिन. आत जायला पोराचा सरल आयडी, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदणीतला त्याचा नंबर लागतो. तो लांबलचक नंबर पोरांना पाठ नसतो, शाळेत विचारावा लागतो. शाळेत चालू असलेल्या पोराचं एकवेळ होऊन जातं. पण ज्याने नववीतच शाळा सोडली त्याचं काय? बारावी होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या पोरीचं काय? ज्या बापाला आधी स्वतः बघायचंय आणि मग पोराशी बोलायचंय त्याचं काय? सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे तेच बाहेर. माहितीत लपवण्यासारखं काहीच नाही, कोर्सचं नाव, पात्रता, परीक्षा, हे सगळं उघडं ठेवा, लॉगिन फक्त पोराची स्वतःची निवड सेव्ह करायला ठेवा. एवढा एक बदल केला तरी लाखो लोक आत येतील.

आणि इंटरनेटचं. चोपड्यात ठीक आहे, पण नंदुरबारला वर सातपुड्यात जा, धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याचे पाडे, तिथे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. 2011 च्या जनगणनेत राज्यात सगळ्यात कमी साक्षरता नंदुरबार जिल्ह्याची होती, 64 टक्क्यांच्या आसपास, आणि जिल्ह्यात 69 टक्के लोक आदिवासी. तिथल्या आश्रमशाळेतल्या पोराची घरात शिकणारी पहिलीच पिढी असते, त्याला सांगणारा शिकलेला मामा पण नाही आणि शेजारचा इंजिनिअर पण नाही. त्याच्यासाठी हीच माहिती छापून पाहिजे, भिंतीवर लावायला तक्ते पाहिजेत, आणि आईबापांसाठी पावरी, भिली, अहिराणीत पाच-पाच मिनिटांचे ऑडिओ पाहिजेत जे एकदा उतरवून घेतले की रेंज नसताना पण ऐकता येतील. घरातला निर्णय पोरगा एकटा घेत नाही, आजी पण ऐकते, तिला कळेल अशा बोलीत सांगा ना.

माणूस पण लागतो शेजारी बसायला. 500 करिअर बघून पोरगं गांगरतं, पहिलं पान उघडतं, पायलट बघतं, ॲस्ट्रॉनॉट बघतं आणि बंद करतं. मी आधी पोर्टल उघडतच नाही, आधी विचारते की शाळेत कोणता तास संपू नये असं वाटतं, घरी कोणतं काम न सांगता करतोस, घरून किती लांब पाठवतील, पैशाचं कसं आहे. मग चार-पाच करिअर काढतो आणि तेवढीच नीट वाचतो. हे करायला डिग्री लागत नाही, थोडा वेळ आणि पोरावर जीव लागतो. गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेतच, राज्याचा ग्रंथालय कायदा 1967 चा आहे, एवढी जुनी व्यवस्था हाताशी आहे, तिथल्या ग्रंथपालाला चार दिवसांचं ट्रेनिंग द्या, थोडं मानधन द्या, एक कॉम्प्युटर द्या. 2023 च्या उन्हाळ्यात कौशल्य विकास विभागाने 288 मतदारसंघांत शाहू महाराजांच्या नावाने युवाशक्ती करिअर शिबिरं घेतली, कल्पना चांगलीच होती, पण शिबिर एक दिवसाचं, आणि पोराला प्रश्न पडतो तो फॉर्म भरायच्या आदल्या रात्री. आता तर 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झाले, 10 पर्यंत कॉलेजं पसंतीने टाकायची, म्हणजे शाखेचा निर्णय नेट कॅफेत मागे लाईन लागलेली असताना घ्यायचा. तिथे कोणी जाणतं माणूस पाहिजेच.

एक गोष्ट पोर्टल बघताना स्वतःची स्वतः जोडा, ती म्हणजे आपल्या भागातल्या संधी. भुसावळला रेल्वेचं एवढं मोठं काम आहे, भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरला वीज केंद्र, आयटीआयवाल्यांसाठी अप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी पॉलिटेक्निक आहे, जळगावला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजी शिकवतात, धुळ्याला कृषी महाविद्यालय. रावेर-यावलच्या केळीवाल्या घरातल्या पोराने टिश्यू कल्चर, कोल्ड स्टोरेज, एक्स्पोर्टचं पॅकिंग हे विषय नक्की वाचावेत, जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा अधिकृत शिक्का मिळालाय, घरच्या शेतीतच किती शिकलेली कामं आहेत ते तिथे कळतं.

स्कॉलरशिपचं पान वाचाच, पण राज्याच्या योजना महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप अर्जाच्या साईटवर जाऊन परत चेक करा कारण नियम बदलतात. जुलै 2024 च्या जीआरने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. कॅप सोडून कॉलेजात परस्पर पैसे भरून घेतलं तर ही माफी हातची जाते, हे प्रत्येक मुलीच्या बापाला माहिती पाहिजे. आठवीत पोरगं असेल तर एनएमएमएस या स्कॉलरशिप परीक्षेला बसवा, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, त्याला उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. आदिवासी पोरांना हॉस्टेल मिळालं नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वयम योजना आहे, आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात विचारायचं, यावल, तळोदा, नंदुरबार, धुळे जे तुमचं असेल तिथे.

मोबाईलवर चालतं पण लॅपटॉपवर वाचायला सोपं जातं, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून बघा. नववीपासूनच सुरुवात करा, निकालाची वाट बघू नका. आणि सरल आयडी परीक्षा संपायच्या आत शाळेतून वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर याचे अर्ज पण एप्रिलमध्येच सेतूत टाकून ठेवा, जूनमध्ये सगळा तालुका तिथेच उभा असतो.