बुलेटच्या प्लेटा आणि ब्याण्णव हजार

मामांची १९८३ची मर्सिडीज २८० ई चार वर्षांपासून माझ्याकडं आहे. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी मात्र पुढं सरकेना. त्याआधी महिनाभर गिअर बदलताना धक्के बसत होते आणि सायलेन्सरमधून अधूनमधून पांढरा धूर येत होता. धुराचं खापर मी पावसाळी हवेवर फोडलं होतं. ही पहिली चूक फुकटात झाली. पुढच्या पैसे मोजून केल्या.

कोल्हापुरात इंजिनाचं काम सहसा अडत नाही. उद्यमनगरात जुना पार्ट टेबलावर ठेवला की त्याचा जुळा भाऊ बनवून मिळतो. पण जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडलेले हात इथं मोजकेच. शेवटी कुणीतरी हायवेलगतचं एक गॅरेज सुचवलं.

मालकानं बॉनेट उघडलं, इंजिन बंद असतानाच गिअर ऑईलची दांडी ओढली आणि मला दाखवली. "बघा साहेब, ऑईल फुल्ल हाय. म्हंजे आतल्या प्लेटाच गेल्या." मग एक चक्कर मारून आला. "पहिला गिअर घेतच न्हाई. थेट दुसऱ्यावर उठतीया."

दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या, म्हणून पटल्या. खरी मेख तिथंच होती. या गिअरबॉक्सचं ऑईल इंजिन चालू ठेवून, गाडी सपाटीला, लिव्हर 'पी'वर (पार्क) आणि ऑईल चांगलं गरम असताना बघायचं असतं. इंजिन बंद केलं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागातलं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि कमी असलेलंही दांडीवर भरपूर दिसतं. आणि हलक्या पायानं निघालं तर ही गाडी दुसऱ्यावरच उठते. तिची घडणच तशी आहे, पहिला लागतो तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. ज्याला त्याला हे माहीत असेलच असं नाही, पण ऑटोमॅटिकचं काम अंगावर घेणाऱ्याला माहीत नसावं?

बारा दिवसांनी ब्याण्णव हजार रोख दिले. बिल मागितलं तर "जीएसटीचं कशाला वाढवताय" म्हणाला, आणि मीही माझे पैसे वाचतायत म्हणून गप्प बसलो. हातात जुन्या, काळ्या पडलेल्या प्लेटांची पिशवी मिळाली. गाडी झकास पळाली. तीन आठवडे.

पुन्हा स्लिप व्हायला लागल्यावर मात्र राजारामपुरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी गाडी तासभर फिरवून आणली आणि इंजिन चालू ठेवून दांडी काढली. टोक जेमतेम ओलं. मग खाली शिरून गिअरबॉक्सच्या बाजूच्या छोट्या डबीवरची व्हॅक्यूमची रबरी नळी काढली. नळीतून लालभडक ऑईल ठिबकलं. त्या डबीला मॉड्युलेटर म्हणतात. तिच्यातला पातळ पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं ऑईल ओढून जाळतं. म्हणून पांढरा धूर, म्हणून धक्के, आणि जमिनीवर एक थेंब नसताना ऑईल गायब. पहिल्या पठ्ठ्यानं फक्त नवं ऑईल ओतलं होतं!

"बॉक्स खाली उतरवलाच न्हाई त्यानं," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले. त्यांनी टॉर्च मारून दाखवलं. बॉक्स इंजिनाला धरणाऱ्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचं घट्ट झालेलं ग्रीस जसंच्या तसं, पाना लागल्याची एक खूण नाही. मी प्लेटांची पिशवी पुढं केली. त्यांनी एक प्लेट हातात घेतली आणि हसायलाच लागले. "अहो, ह्या बुलेटच्या क्लचच्या!"

मॉड्युलेटर बाहेरून मागवला. मजुरी आणि ऑईल धरून अकरा हजारांत काम झालं. परवा त्याच चढावर गाडी एकदाही अडखळली नाही.

तुमची गाडी अशी वागत असेल तर आधी ती नळी काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मेकॅनिक बॉक्स उतरवायचाच म्हणाला तर गाडी देण्याआधी त्या बोल्टांवर रंगाचा एकेक ठिपका द्या, फोटो काढा. आणि बिलाशिवाय पैसे देऊ नका. ग्राहक आयोगाकडं जायचं म्हटलं तर माझ्या हातात कागदाचा कपटा नव्हता.

गॅरेजवर जाऊन भांडलो तेव्हा चार माणसं जमली म्हणून त्यानं वीस हजार परत केले, आणि वर प्लेटाही मागितल्या. त्या मी दिल्या नाहीत.