काउंटीचे मृदा सर्वेक्षण की प्रयोगशाळेतील माती परीक्षण?

अमेरिकेत घरामागे बाग करणाऱ्याला किंवा चार-पाच एकर घेऊन शेतीचा विचार करणाऱ्याला आपली माती समजून घेण्याचे दोन सरळ मार्ग असतात. एक म्हणजे केंद्रीय कृषी विभागाने ‘वेब सॉइल सर्व्हे’ या नावाने सर्वांसाठी मोफत खुले ठेवलेले काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मृदा सर्वेक्षण, आणि दुसरा म्हणजे पिशवीत नमुना भरून प्रयोगशाळेकडून करून घेतलेले परीक्षण. मध्य इंडियानातील माझ्या जागेसाठी मी दोन्ही वापरले आहेत आणि दोन्हींचा मला उपयोग झाला आहे. तरीही एकाचीच निवड करायची वेळ आली, तर मी कोणते आधी उघडेन याविषयी माझ्या मनात आता फारशी शंका उरलेली नाही.

बहुतेकांचा ओढा परीक्षणाकडे असतो आणि ते समजण्यासारखे आहे. अहवालातील आकडे आपल्याच वाफ्यातील मातीचे असतात, सामू (पीएच), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि सेंद्रिय पदार्थ एका कागदावर समोर येतात, आणि दर हजार चौरस फुटांना चुना किती व खत किती हेही बहुधा तिथेच लिहिलेले असते. त्यापुढे काउंटीचा नकाशा दूरचा आणि कोरडा वाटतो.

मात्र या नकाशामागे दीर्घ काम आहे. देशातील मृदा सर्वेक्षण 1899 साली सुरू झाले, पुढे अनेक दशके एकेका काउंटीचे जाडजूड खंड छापले जात, आणि 2005 पासून ती माहिती संगणकावर पाहता येऊ लागली. त्यात मातीच्या श्रेणीचे (सारख्या थरांच्या मातींच्या गटाचे) नाव, उतार, निचऱ्याचा वर्ग आणि साधारण पाच-सहा फुटांपर्यंतच्या थरांचे वर्णन मिळते. आमच्या भागात मायामी, क्रॉस्बी आणि ब्रुकस्टन ही तीन नावे सतत भेटतात. तिन्हींचे मूळ हिमनदीने आणून टाकलेल्या गाळातच आहे, पण जागेच्या उंचसखलपणामुळे त्यांचे स्वभाव वेगळे झाले आहेत. उताराकडेची मायामी त्यातल्या त्यात चांगली निचरते, सपाटीवरची क्रॉस्बी पाणी धरून ठेवते, आणि खोलगट भागातील काळीभोर ब्रुकस्टन चर किंवा जमिनीखालची निचरा-नळी नसेल तर ओलीच राहते. क्रॉस्बीपुढे ‘निचरा केल्यास उत्तम शेतजमीन’ अशा अर्थाचा शेरा असतो. जमीन विकत घेणाऱ्याने त्यातील ‘निचरा केल्यास’ हे शब्द दोनदा वाचावेत, कारण तो खर्च त्यालाच करायचा असतो.

माझ्यापुरता प्रश्न सुटला तो परीक्षणाच्या एका उणिवेमुळे. नमुना घ्यायचा असतो वरच्या सहा ते आठ इंचांतला, त्यामुळे अहवाल बोलतो तो तेवढ्याच थराविषयी. जागेच्या एका कोपऱ्यातील सफरचंदाची झाडे दर वसंतात पिवळी पडत होती, आणि अहवाल मात्र सामू योग्य, स्फुरद पुरेसे, पालाश पुरेसे असे सांगत होता. त्यात चूक काहीच नव्हती, फक्त झाडांची अडचण त्या थराच्या खाली होती. एप्रिलमध्ये तिथे गिरमिटाने भोक पाडले. वरची तपकिरी पोयट्याची माती संपल्यावर राखाडी चिकणमाती लागली, तिच्यात तांबूस गंजासारखे ठिपके होते, आणि थोड्याच वेळात भोकाच्या तळाशी पाणी झिरपून साचू लागले. राखाडी रंग आणि गंजाचे ठिपके ही दरवर्षी काही काळ पाण्याखाली राहणाऱ्या मातीची खूण असते. नकाशात तो तुकडा क्रॉस्बीचा होता, आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत पाणी दोन फुटांच्या आत येते हे वर्णनात आधीच नमूद होते. सामू चुन्याने सुधारतो, पालाश खताने भरून निघते. मुळांना गुदमरवणारे पाणी आणि त्याखालचा घट्ट थर मात्र पिशवीतल्या खताने हलत नाही. जे बदलणे अवघड आहे ते आधी समजावे, असे मला मनापासून वाटते.

शिवाय प्रयोगशाळा बदलली की आकडेही बदलतात. कोणी स्फुरद मेहलिक-3 पद्धतीने काढतो, कोणी ब्रेने, कोणी ओल्सेनने, आणि या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करता येत नाही. एकाच प्रयोगशाळेकडे टिकून राहिल्यास हा त्रास टळतो.

नकाशाच्या मर्यादाही मी लपवू इच्छित नाही. तो बहुधा 1:12,000 ते 1:24,000 या प्रमाणात आखलेला असतो, त्यामुळे एखाद-दुसऱ्या एकराचा वेगळा तुकडा त्यात दिसेलच असे नाही. फार जवळून पाहू लागलात तर या प्रमाणात नकाशा ग्राह्य नसेल अशी सूचना तो स्वतःच देतो. नव्या वसाहतीत बुलडोझरने वरची माती काढून भलतीच पसरलेली असते, आणि तिथे नकाशातील श्रेणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. जुन्या घराच्या भिंतीलगत भाजीपाला लावायचा असेल तर शिशाची तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते, कारण घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर 1978 साली बंदी येईपर्यंत तो सर्रास वापरला जात होता आणि त्याचे पापुद्रे मातीत मिसळून राहिले आहेत. केवळ उंच वाफ्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत टोमॅटो-मिरची करणाऱ्यालाही परीक्षणाचाच उपयोग अधिक होईल.

पण फळझाडे लावायची असतील, जमीन घ्यायची असेल किंवा वाफसा (पेरणीजोगा ओलावा) कधी येईल यावर पेरणीचा दिवस ठरत असेल, तर एका संध्याकाळी नकाशा उघडावा, आपल्या तुकड्याचे वर्णन शेवटपर्यंत वाचावे आणि वसंतात एक भोक पाडून ते पडताळून पाहावे. परीक्षणाचा नमुना त्यानंतर शरद ऋतूत पाठवला तरी चालतो. चुन्याला मातीत मुरायला काही महिने लागतातच, त्यामुळे तेव्हा घातलेला चुना पुढच्या हंगामापर्यंत कामाला लागलेला असतो.